पुलाचे सामान आणि पुलाची माणसे

फेडरेशनच्या बैठकीसाठी लखनौला जाणे आम्हाला नवे नाही. चारबागला उतरावे, युनियनच्या कचेरीत सतरंजीवर पाठ टेकावी, ठराव लिहावेत आणि पुष्पक एक्स्प्रेसने परत फिरावे, असा आजवरचा शिरस्ता. या खेपेस अर्धा दिवस मोकळा मिळाला आणि आम्ही गोमतीच्या काठी जाऊन आलो. तेथे जे मनात आले ते या अंकात मांडत आहोत. वेतन आयोग आणि जुनी पेन्शन सोडून सेक्रेटरींना लष्कराचे पूल कोठून सुचले, असे काही सभासद म्हणतील. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती.

लखनौ हे रेल्वे कामगारांना दोन कारणांनी ठाऊक असते. एक, तेथील वर्कशॉप. दुसरे, मानकनगरची आर.डी.एस.ओ. ही संस्था. डाक खात्यातील बंधूंसाठी सांगतो, की रेल्वेचा गर्डर कसा असावा, त्यावर किती भार घालावा, तो किती दिवसांनी तपासावा, याचे नियम १९५७ पासून या संस्थेत तयार होतात. म्हणजे देशभरच्या रेल्वे पुलांची अक्कल लखनौत बसते, असे म्हणायला हरकत नाही. पण याच गावात पुलाची एक जुनी गोष्ट आहे आणि ती कोणत्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही.

अवधचे नबाब सादत अली खान यांनी विलायतेहून एक लोखंडी पूल मागविला होता. जॉन रेनी या नामांकित इंजिनिअरने तो आखला होता. १८१४ साली नबाब वारले. त्यांच्या पश्चात पुलाचे सुटे भाग लखनौला येऊन पोहोचले आणि तसेच पडून राहिले. एक नबाब गेला, दुसरा गेला, मध्ये एकदा उभारणीचा प्रयत्न झाला तो फसला. अखेर अमजद अली शाह यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८४२ ते १८४७ या काळात, तो पूल गोमतीवर उभा राहिला. पाव शतकाहून अधिक काळ पूल गावात होता आणि नदीवर मात्र नव्हता! पैसे मोजून झाले होते, लोखंड आले होते. नव्हती ती जोडणारी गँग.

याच्या उलट गोष्टही गोमतीवरचीच. मार्च १८५८ मध्ये इंग्रजांनी लखनौला वेढा घातला तेव्हा त्यांच्या फौजेला नदीपलीकडे जायचे होते. त्यांच्या सॅपर्सनी रिकामी पिंपे एकत्र बांधली, वर फळ्या टाकल्या आणि शहराच्या खालच्या अंगाला दोन तरते पूल तयार केले. ६ मार्चला आउट्रमची डिव्हिजन तोफांसह त्यांवरून पार झाली. खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा आउट्रम तो हाच. त्या पुलांवरून गेलेल्या तोफा आपल्याच देशबांधवांवर चालल्या, हे आम्ही विसरत नाही. मात्र धडा शत्रूकडूनही घ्यावा लागतो. नबाबाकडे विलायती पूल होता, पण तो उभारणारा हात नव्हता. इंग्रजांकडे रिकामी पिंपे होती आणि हात कवायतीत तयार होते. पूल कोणाचा लवकर झाला हे इतिहासाला माहीत आहे.

लष्कराचा पूल म्हणजे काय, हे आपल्या ब्रिज खलाशाला समजावून सांगण्याची गरज नाही. तो जे करतो तेच सॅपर करतो, फक्त घाईत आणि कधी कधी गोळीबारात. दुसऱ्या महायुद्धात डोनाल्ड बेली या ब्रिटिश युद्धखात्यातील नोकराने असा पूल काढला, की ज्याचा प्रत्येक भाग माणसांनी उचलावा. त्याचे पॅनेल दहा फूट लांब आणि सुमारे २६० किलो वजनाचे. सहा माणसे दांड्यांवर घेऊन ते चालू शकतात. क्रेन लागत नाही, वेल्डिंग लागत नाही. पॅनेलला पॅनेल जोडायचे, पिन ठोकायची, आडव्या तुळया घालायच्या, पुढे नोज लावायचा आणि रोलरवरून सगळा सांगाडा पलीकडे ढकलायचा. आपला गर्डर लाँच करताना आपण याहून वेगळे काय करतो? डिसेंबर १९४४ मध्ये ब्रह्मदेशात कालेवा येथे चिंदविन नदीवर याच सामानाचा १,१५४ फूट लांबीचा तरता पूल पडला. तेव्हा तो जगातला या जातीचा सर्वांत लांब पूल मानला गेला आणि त्यावर हिंदी सॅपर्सचे हात राबले होते.

पुढे सामान बदलत गेले. रणगाड्याच्या पाठीवर घडी करून नेलेला आणि दोन-तीन मिनिटांत नाल्यावर उलगडणारा पूल आला. पुण्याजवळ दिघीच्या संशोधन संस्थेने ‘सर्वत्र’ नावाचा पूल तयार केला. पंधरा-पंधरा मीटरचे पाच गाळे ट्रकवरून येतात आणि ७५ मीटरचे पात्र ओलांडले जाते. नदी रुंद असेल तर तरती पाँटून असतातच. उत्तर प्रदेशात त्याला ‘पीपे का पूल’ म्हणतात. प्रयागला २०२५ च्या कुंभात असे ३० पूल टाकले होते. लष्करी युक्ती आणि यात्रेकरूंची सोय, दोन्ही एकाच पिंपावर तरतात.

सामान कोणतेही असो, सॅपरच्या कामाचे एक तत्त्व बदललेले नाही. पॅनेलची टोळी वेगळी, तुळयांची वेगळी, ब्रेसिंगची वेगळी, फळ्यांची वेगळी. प्रत्येकाला आपली जागा अंधारातही सापडली पाहिजे. यासाठी खडकीला आणि दापोडीला शांततेच्या काळात तोच पूल बांधतात, मोडतात आणि पुन्हा बांधतात. युद्ध नाही म्हणून या लोकांना ‘सरप्लस’ ठरवावे, असे आजवर कोणा हिशेबनिसाला सुचलेले नाही. निदान २०२२ पर्यंत सुचले नव्हते. त्याबद्दल पुढे बोलू.

आता मुंबईकडे वळू. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ यांना जोडणाऱ्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जीव गेले. पूल रुंद करा, नवा बांधा, अशी मागणी प्रवासी आणि कामगार दोघेही वर्षानुवर्षे करीत होते. महिनाभरात, ३१ ऑक्टोबरला, रेल्वेमंत्री, संरक्षणमंत्री आणि मुख्यमंत्री यांनी तेथे येऊन जाहीर केले, की एल्फिन्स्टन रोड, करी रोड आणि आंबिवली येथे लष्कर पूल बांधील. बॉम्बे सॅपर्सनी बेली जातीचे तीन पूल उभे केले आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. एल्फिन्स्टनचा पूल सुमारे ७३ मीटरचा. धावत्या लोकलच्या डोक्यावर, रात्रीच्या ब्लॉकमध्ये, हे सोपे काम नव्हे. सॅपर बांधवांना आमचा सलाम तेव्हाही होता, आजही आहे.

पण त्या दिवसांत आपल्या माणसांना काय ऐकून घ्यावे लागले ते आम्ही विसरलेलो नाही. ‘रेल्वेवाल्यांना साधा पूल बांधता येत नाही, मिलिटरी आणावी लागली’, हे गाडीत, नाक्यावर, घरीसुद्धा. ज्यांनी ब्लॉक घेतला, तारांतील वीज बंद केली, पहाटे पहिली लोकल जाण्यापूर्वी रूळ मोकळा करून दिला, त्यांचे नाव फोटोत नव्हते. लष्कराने मुलकी कामे करावीत का, यावर वर्तमानपत्रांत वाद रंगला. आमच्या मते तो वाद चुकीच्या टोकाने चालला होता. संकटात लष्कर आले तर त्यात वाईट काय? विचारायचे ते हे, की दीड शतकाहून अधिक काळ घाटात, खाडीत, नर्मदा-तापीवर पूल उभारणाऱ्या रेल्वेला लोकल स्टेशनावरच्या पादचारी पुलासाठी दुसऱ्याच्या दारात का जावे लागले?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही एका जुन्या रात्रीत पाहिले आहे. विभागाचे नाव सांगत नाही. त्यातले बरेच जण निवृत्त झाले, काही वारले. भर पावसात एका मोरीजवळचा भराव वाहून गेला आणि रूळ झोपाळ्यासारखे लोंबू लागले. रिलीफ ट्रेन वेळेवर आली. स्टोअरमधले रिलीव्हिंग गर्डर वाघिणीवर चढवून आणले. स्लीपरची चवड रचून त्यावर गर्डर बसवायचे, कॉशन ऑर्डर देऊन गाडी हळू सोडायची, पाच-सहा तासांचे काम. गर्डर उतरवले तेव्हा दिसले, की दोन्ही एका जोडीचे नाहीत. बोल्टांची पेटी अर्धी रिकामी. पॅकिंगच्या प्लेटा तर आल्याच नव्हत्या. साहेब रजिस्टर दाखवीत होते. रजिस्टरात सर्व काही बरोबर होते.

शेवटी पहाटे जीप पाठवून एका निवृत्त ब्रिज मिस्त्रीला घरून उठवून आणले. म्हातारा लुंगीवर रेनकोट घालून आला, बॅटरीच्या उजेडात गर्डरवर हात फिरवला, गंजाखालची रंगाची खूण शोधली आणि म्हणाला, “याचा भाऊ स्टोअरच्या मागच्या भिंतीला आहे. त्याच्यावर आता बाभळ वाढली असेल.” खरोखरच वाढली होती. लाइन चालू व्हायला चौदा तास लागले. चौकशी झाली, आणि चार्जशीट मिळाली ती स्टोअरवरच्या एकट्या खलाशाला. तो खलाशी तेथे येऊन चार महिने झाले होते. त्याच्या आधी ते स्टोअर सांभाळणाऱ्या मेटची जागा ‘काम नाही’ म्हणून सरेंडर झाली होती.

येथवर ही गोष्ट प्रशासनाविरुद्ध सांगण्यासारखी आहे आणि आम्ही ती गेट मीटिंगमध्ये पुष्कळदा सांगितली. जे सांगत नव्हतो ते आज लिहितो. त्या सरेंडरच्या कागदावर आमच्या शाखेची संमती होती. केडर रिस्ट्रक्चरिंगमध्ये वरच्या ग्रेडच्या काही जागा हव्या होत्या. ‘मॅचिंग सरेंडर’ म्हणून खालच्या जागा द्यायच्या होत्या. आम्ही रिकाम्या जागा बघून दिल्या. कोणाची नोकरी गेली नाही, चार जणांना बढती मिळाली, हार-तुरे झाले. मेटची जागा त्यातली एक. सही करणाऱ्यांत आम्हीही होतो. पाऊस पडेपर्यंत आपण काय विकले हे कळले नाही.

म्हणून बंधूंनो, सॅपरकडे पाहून शिकायचे असेल तर हे शिका. त्याचा पूल झटपट होतो, याचे कारण त्याचे सामान जादूचे आहे असे नव्हे. ते सामान पूर्ण असते, पेटी उघडून मोजलेले असते आणि ते जोडणारी तुकडी कायम असते. आपल्या ब्रिज गँगा एके काळी अशाच होत्या. रिव्हेट तापवणारा, ठोकणारा, जॅकवाला, डेरिकवाला, आणि सगळ्यांना शिट्टीवर हलवणारा मुकादम. आज कित्येक ठिकाणी गँगची हजेरी दोन आकडी राहिलेली नाही आणि उरलेले काम कंत्राटदाराच्या रोजंदारीवर. कंत्राटी मजूर कष्टाला कमी नसतो. पण या पावसाळ्यात जो पुलावर होता तो पुढच्या पावसाळ्यात कोठे असेल हे त्यालाही ठाऊक नसते. त्याने खूण लक्षात ठेवायची कशी?

देशात रेल्वेचे लहान-मोठे सुमारे दीड लाख पूल आहेत आणि त्यांतील ३७ हजारांहून अधिक पुलांनी शंभरी ओलांडल्याचे सरकारनेच संसदेत सांगितले आहे. २०१२ साली डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने सुरक्षेशी निगडित जागा रिकाम्या ठेवू नका, असे बजावले होते. २०२३ साली माहितीच्या अधिकारात रेल्वेने दिलेल्या उत्तरात गट ‘क’च्या सुमारे २ लाख ७४ हजार जागा रिकाम्या होत्या. त्यांतील १ लाख ७० हजारांहून अधिक सुरक्षेच्या. त्यानंतर भरतीच्या जाहिराती निघाल्या, काही जण आलेही. मात्र पुलावरचा माणूस परीक्षा पास झाल्या दिवशी तयार होत नाही. जुन्याच्या हाताखाली चार पावसाळे काढावे लागतात, आणि जुना निवृत्त होऊन गेलेला असतो.

सामानाला पैसा नाही असे कोणी म्हणू नये. फेब्रुवारी २०२० मध्ये याच लखनौत संरक्षण सामग्रीचे मोठे प्रदर्शन भरले होते, गोमतीच्या काठावर प्रात्यक्षिकेही झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये संरक्षण खात्याने ४१ मॉड्युलर पुलांसाठी एका खाजगी कंपनीशी २,५८५ कोटी रुपयांहून अधिकचा करार केला. ४६ मीटरपर्यंतचा एकगाळी पूल. आराखडा सरकारी संशोधन संस्थेचा, उत्पादन खाजगी. सैन्याला चांगले सामान मिळावे यात वाद नाही. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये ४१ ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांचे सात कंपन्यांत तुकडे केले, आणि त्या कामगारांनी संपाचे नाव काढताच त्याविरुद्ध कायदा आणला, हे त्याच काळातले आहे. अंबाझरीच्या आपल्या बंधूंना विचारा.

आणि आता २०२२ ची गोष्ट. त्या वर्षीच्या जूनमध्ये अग्निपथ योजना आली. जवान चार वर्षांसाठी घ्यायचा आणि चौघांतील एकालाच पुढे ठेवायचे. सॅपरही यातून सुटलेला नाही. जी एक जागा आजवर हिशेबनिसांच्या कात्रीतून वाचली होती तेथेही रोजंदारीचा वास पोहोचला. देशभक्तीच्या भाषणांत टाळ्या घेणाऱ्यांनी सांगावे, की चौथ्या वर्षी जेव्हा त्या पोराचा हात अंधारात पिनेवर बरोबर पडू लागेल, तेव्हाच त्याला घरी पाठविण्यात कोणते राष्ट्रहित आहे?

३० जुलै २०२४ रोजी वायनाडला डोंगर कोसळला. चूरलमला आणि मुंडक्कई यांमधला पूल वाहून गेला. मद्रास सॅपर्सनी १ ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत तेथे १९० फुटांचा बेली पूल उभा केला. त्यावरून रुग्णवाहिका आणि माती उपसणारी यंत्रे पलीकडे गेली. त्या कामावर मेजर सीता शेळके होत्या, पारनेर तालुक्यातल्या. त्यांचा फोटो घराघरांत गेला आणि आपल्या मुलींनी तो कापून ठेवला असेल तर आनंद आहे. सारे काम आपल्या तुकडीचे, असेच त्यांचे म्हणणे होते. त्या फोटोकडे पाहताना आम्हाला मात्र बंगळूरहून निघालेले ट्रक दिसत होते. सामान मोजून भरलेले होते म्हणून ते अपरात्री निघू शकले.

पुलासारखेच होडीचे. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हासच्या पुरात अडकली. सुमारे १,०५० प्रवासी नौदल, आपत्ती दलाच्या होड्या आणि आसपासचे गावकरी यांच्यामुळे सुखरूप बाहेर आले. त्यानंतर दोन आठवडे उलटण्याआधीच पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुराच्या पाण्यात गावची होडी उलटली आणि माणसे बुडाली. होडीत जास्त माणसे बसली होती. बसू नका असे सांगणारा, ज्याचा शब्द ऐकावाच लागेल असा, तयार माणूस काठावर नव्हता.

डाक बंधूंना हा विषय परका वाटू नये. लष्करी डाक सेवेत तुमच्याच खात्याचे लोक प्रतिनियुक्तीवर जातात आणि त्यांचे केंद्र आपल्या कामठीला आहे. वर्दी चढवली की तोच डाक कर्मचारी सरहद्दीवर टपाल पोहोचवतो, आणि वर्दी उतरवून परत आला की त्याच्या आर.एम.एस.च्या कचेरीला कुलूप लागलेले असते. पुरात रस्ता तुटला की कोकणात पूर्वी तरीवरून थैली पलीकडे जाई. तरवाला ठरलेला असे, त्याला खात्याकडून पैसे ठरलेले असत. आता तर नाही, तरवाला नाही, आणि ‘पर्यायी व्यवस्था करावी’ असे परिपत्रक तेवढे वेळेवर पोहोचते.

लष्कर म्हटले की जुन्या कार्यकर्त्यांच्या मनात एक काटा सलतो, तोही सांगून टाकू. मे १९७४ च्या संपात गाड्या चालविण्यासाठी टेरिटोरियल आर्मीच्या रेल्वे तुकड्या आपल्यासमोर आणल्या होत्या. त्या तुकड्यांत आपलेच लोक होते. तेव्हाचा राग योग्य होता. पण सॅपर हा आपला शत्रू नव्हे आणि स्पर्धकही नव्हे. शेतकऱ्याचा मुलगा तो, गँगमनचा मुलगा तो. त्याला आपल्या जागी उभा करणारे वेगळे.

फेडरेशनच्या लखनौ बैठकीत आम्ही तीन गोष्टी मांडल्या. प्रत्येक विभागात ब्रिज गँगची मंजूर संख्या कायम कामगारांनी भरावी. आपत्कालीन गर्डरचा संच जोडीसकट पूर्ण ठेवून पावसाळ्यापूर्वी तो एकदा प्रत्यक्ष जोडून पाहावा. आणि जेथे शक्य तेथे ही कवायत खडकीच्या सॅपर्सबरोबर व्हावी, म्हणजे संकटात दोन्ही गँगा एकमेकींना ओळखतील. तिसऱ्या मुद्द्यावर काही प्रतिनिधी कुरकुरले. दुसऱ्यावर कोणी कुरकुरले नाही, पण ‘मॅचिंग सरेंडरमध्ये सुरक्षेची एकही जागा यापुढे देणार नाही’ असे वाक्य आम्ही जोडा म्हटले तेव्हा सभागृह बराच वेळ शांत होते. ते वाक्य ठरावात अजून आलेले नाही. पुढच्या बैठकीत आम्ही ते पुन्हा मांडणार आहोत.

तोवर महाराष्ट्रातील सर्व शाखा सचिवांनी आपापल्या विभागातील ब्रिज स्टोअरला भेट द्यावी. मंजूर जागा किती, भरलेल्या किती, गेल्या दहा वर्षांत सरेंडर किती आणि त्यांवर आपल्या शाखेची संमती होती का, हे लिहून पाठवावे. डाक शाखांनी पूरप्रवण मार्गांची आणि तेथे आज थैली कोण नेतो त्याची माहिती द्यावी. गर्डरच्या जोड्या स्वतः पाहाव्यात, बोल्टांच्या पेट्या उघडून मोजाव्यात. रजिस्टरातील आकडा आमच्याकडे आहे, तो पाठवू नये.